पातालपाणीचा घाट १:८७ मध्ये: कामाच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

मॉडेल रेल्वेच्या लेआऊटसाठी, म्हणजे छोट्या गाडीच्या देखाव्यासाठी, जागा पक्की झाली. इंदूरजवळच्या पातालपाणी स्टेशनचं कालाकुंडकडचं टोक, तिथून दरीच्या कडेनं उतरणारी मीटर गेजची (दोन रुळांत एक मीटर अंतराची) लाइन, धबधबा आणि एक बोगदा. प्रत्यक्षात या घाटात चार बोगदे आहेत, पण ३.६ मीटरच्या लेआऊटमध्ये एकच नीट बसतो. चारही कोंबले तर घाट कमी आणि बिळं जास्त दिसतील. काळ १९९० च्या दशकाचा: वायडीएम-४ इंजिन, व्हॅक्यूम ब्रेकचे विटकरी डबे, इंदूरहून खांडवा-अकोल्याकडे जाणारी गाडी. डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या हेरिटेज गाडीचे रंगीत डबे या काळात बसत नाहीत, म्हणून ते घेणार नाही.

ऋतू सप्टेंबरअखेरचा. मे महिना घेतला तर धबधब्याची नुसती काळी भिंत उरते. जुलै घेतला तर पाणी चहासारखं गढूळ आणि सगळा डोंगर एकाच हिरव्या रंगाचा. सप्टेंबर संपताना पाणी पांढरं झालेलं असतं, गवताचे शेंडे पिवळे पडू लागतात आणि सागाच्या माथ्यावर फिकट तुरे टिकून असतात. रंगकामाला एवढी विविधता पुरे.

या घाटाची ओळख म्हणजे ४० ला १ चा चढ, म्हणजे ४० मीटर अंतरात १ मीटर उंची. लेआऊट बघणाऱ्याला तो डोळ्यांनी दिसला पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

२७ ऑक्टोबर २०२४

प्रमाण १:८७, रूळ १२ मिमीचे, म्हणजे दोन रुळांत १२ मिमी अंतर. मीटर गेज या प्रमाणात ११.५ मिमी येतं, म्हणजे अर्धा मिमी जास्त. तेवढं चालतं. ९ मिमी रुळांवर १:१२० हाही पर्याय होता आणि त्यात दरी जास्त खोल दाखवता आली असती, पण त्या प्रमाणात माणसं, गुरं, बैलगाड्या मिळणं कठीण.

भारतीय मीटर गेजचं तयार इंजिन मिळत नाही. वायडीएम-४ को-को आहे, म्हणजे प्रत्येक बोगीत (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, खालचा चाकांचा गाडा) तीन आस. १:८७ मीटर गेजची बाजारातली बहुतेक चॅसिस दोन आसांच्या बोगीची, स्विस गाड्यांसाठी बनवलेली. तोडगा असा की टीटी, म्हणजे १:१२० प्रमाणाच्या, को-को डिझेलचं चॅसिस घ्यायचं. त्याचे रूळ १२ मिमीचेच असतात. चाकं जराशी लहान दिसतात, ती बोगीच्या बाजूपट्ट्यांनी झाकता येतात. वरची बॉडी रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट.

१० नोव्हेंबर २०२४

सांगाडे झाले. १२०० × ६०० मिमीचे तीन बोर्ड, बाजूपट्ट्या १२ मिमी पाणीरोधक प्लायच्या, १०० मिमी उंच. वरचा भाग उघडा ठेवला आहे, सलग प्लाय ठोकलेला नाही. मधला बोर्ड खोल: रुळाची पातळी जमिनीपासून १२०० मिमी, तर दरीचा तळ ८०० वर.

धबधबा तीनशे फुटांचा सांगतात. प्रमाणात तो एक मीटर पाच सेंटीमीटर येईल. आम्ही ३८० मिमीवर थांबलो. उंचीतली ही लबाडी लपवायला दोन गोष्टी करायच्या: वरच्या कड्यावरची झाडं खालच्या झाडांच्या निम्म्या उंचीची, आणि खडकाचे थर वर जाताना बारीक.

बोर्डांचे सांधे ८ मिमी बोल्टचे. त्याशिवाय प्रत्येक सांध्यात पितळी खुंट्यांची जोडी, लेथवर कातून घेतलेली. नुसत्या बोल्टांवर भरवसा ठेवू नये. भोकात बोल्ट अर्धा मिमी तरी खेळतो आणि १२ मिमी गेजला अर्धा मिमी फार झाला.

२४ नोव्हेंबर २०२४

रुळांखालची पट्टी: ९ मिमी प्लाय, ६० मिमी रुंद, खाली टेकू. उताराचा हिशेब असा. स्टेशनचे ११०० मिमी सपाट. मग ३०० मिमीत हळूहळू उतार सुरू, त्यात ३.७५ मिमी खाली. पुढे १२०० मिमी पूर्ण ४० ला १, म्हणजे ३० मिमी. वळणावरचे ७०० मिमी ४५ ला १, म्हणजे १५.६ मिमी. शेवटी पुन्हा ३०० मिमीत सपाटीवर, ३.३ मिमी. एकूण सुमारे ५३ मिमी.

वळणावर उतार सौम्य करणं ही खऱ्या रेल्वेचीच रीत. वळणात चाकांची घासण वाढते, म्हणून मीटर गेजवर वळणाच्या दर अंशाला ०.०३ टक्के चढ कमी धरतात. मॉडेलचं वळण, त्रिज्या ७०० मिमी, खऱ्यापेक्षा फारच आवळ, म्हणून इथेही सूट दिली.

मोजायला डिजिटल कोनमापक आणला होता, तो बाजूला ठेवला. ४० ला १ म्हणजे १.४३ अंश, आणि मापक दाखवतो १.४. त्यात ३९.५ पासून ४२ पर्यंत काहीही असू शकतं. त्यापेक्षा ४०० मिमीची पाणसळ घ्यावी आणि उताराच्या बाजूच्या टोकाखाली १० मिमीचा ठोकळा चिकटवावा. बुडबुडा मध्ये आला की उतार बरोबर ४० ला १. वळणासाठी दुसरा ठोकळा ८.९ मिमीचा.

१५ डिसेंबर २०२४

टेकू ४०० मिमीवर ठोकले होते, ते चुकलं. दोन टेकूंमध्ये पट्टी दीड मिमी झुकली. दीड मिमी ऐकायला काहीच वाटत नाही, पण २०० मिमीत दीड मिमी म्हणजे झोळाच्या एका अंगाला उतार ३१ ला १ आणि दुसऱ्या अंगाला ५७ ला १. चढावर इंजिन तिथेच चाकं फिरवत उभं राहणार. मध्ये आणखी टेकू घातले, आता अंतर २०० मिमी. स्क्रू आवळण्याआधी प्रत्येक टेकूवर पाणसळ ठेवली.

५ जानेवारी २०२५

रूळ पडले. पेको कंपनीचे १२ मिमी लवचिक रूळ, खाली ३ मिमी कॉर्क. खोलीत १७ अंश होते. वरच्या मजल्यावरची खोली मे महिन्यात ४० ला जाते. ९१४ मिमीचा रूळ २३ अंशांत सुमारे ०.३६ मिमी वाढतो, म्हणून प्रत्येक सांध्यात अर्ध्या मिमीच्या प्लास्टिकच्या तुकड्यानं फट राखली आणि मग तुकडा काढला. थंडीत रूळ टोकाला टोक भिडवून ठेवले की उन्हाळ्यात ते सापासारखे वळतात.

बोर्डांच्या सांध्यावर रुळांची टोकं तांब्याच्या थराच्या पीसीबी स्लीपरना डाग देऊन पक्की केली आणि स्लीपर बाजूपट्टीला स्क्रूनं. रूळ आधी सलग टाकून, डाग देऊन, मग बारीक करवतीनं कापायचा. दोन तुकडे वेगवेगळे आणून जुळवत बसू नये, ते कधीच जुळत नाहीत.

२६ जानेवारी २०२५

वायरिंग. डीसीसी, म्हणजे त्याच रुळांवरून प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची डिजिटल पद्धत. मुख्य तार घरगुती १.५ चौरस मिमी, रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ०.५ चौरस मिमीची वेगळी शेपटी. सांधेपट्टीतून वीज जाईल असं गृहीत धरलेलं नाही. प्रत्येक तुकड्यावर नाणं आडवं टाकून पाहिलं: शॉर्ट होऊन यंत्र लगेच बंद पडलं पाहिजे. सात ठिकाणी पडलं, एका ठिकाणी नाही. तिथला डाग थंड बसला होता.

१६ फेब्रुवारी २०२५

डोंगर. ५० मिमी जाडीच्या एक्सपीएस फोमचे आठ थर, छतावर उष्णतारोधक म्हणून घालतात तेच पत्रे. गणपतीच्या मखराचा उरलेला थर्माकोल माळ्यावर होता, पण तो कापताना दाणेदाणे होतो आणि ते दाणे पुढे सहा महिने रुळांवर सापडत राहतात. कापायला मखरवाल्यांचीच तापलेली नायक्रोम तार.

चिकटवताना दोन सावधगिऱ्या. सॉल्व्हंट असलेला रबरी गोंद फोम खातो. पांढरा फेविकॉल खात नाही, पण दोन पत्र्यांच्या मध्ये हवा पोचत नसल्यानं आतला गोंद आठवडाभरानंतरही ओला राहतो. म्हणून गोंद पूर्ण न फासता कडेपासून आतपर्यंत रेघा ओढल्या, रेघांमधून हवा खेळते. वर विटा ठेवून चार दिवस.

बोगद्याचं तोंड ४६ मिमी रुंद ठेवलं. डबा ३१.५ मिमी रुंद आणि २२० मिमी लांब. ७०० मिमीच्या वळणावर त्याचं पोट आत ४.३ मिमी सरकतं आणि टोकं बाहेर तितकीच. दोन्ही बाजूंना या सरकण्याचे साडेचार मिमी आणि त्याशिवाय जेमतेम तीन मिमी मोकळीक. बोगद्यात भिंतीचं प्लास्टर चढवण्याआधी सर्वांत लांब डबा हातानं ढकलून पाहावा, नंतर हात आत जात नाही.

२ मार्च २०२५

मोठी चूक, आणि या कामातली सर्वांत शिकवणारी.

माळव्याचा खडक म्हणजे बेसॉल्ट, लाव्ह्याचे थरावर थर. कड्यावर ते आडव्या पायऱ्यांसारखे दिसतात, मध्ये कुठे लालसर मातीची बारीक पट्टी. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तुकडे चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये ओतून केले: दोन वाट्या पावडर, एक वाटी पाणी, पावडर पाण्यात घालायची, पाणी पावडरीत नाही. व्हिनेगरचे चार थेंब घातले की घट्ट व्हायला थोडा जास्त वेळ मिळतो. तुकडे डोंगराला लावले, थर कोरले, रंग दिला. खडक उत्तम झाला आणि घाट गायब झाला.

कारण तुकडे लावताना हाताशी सोयीची रेघ रुळांच्या पट्टीची होती. थर तिच्या समांतर कोरले गेले. रूळ आणि खडक दोन्ही एकाच कोनात उतरत असल्यानं डोळ्याला तो सपाट प्रदेश वाटतो. फोटोत तर कॅमेरा वाकडा धरल्यासारखं दिसतं. ४० ला १ हा फक्त दीड अंशाचा मामला. शेजारी काहीतरी अगदी आडवं असल्याशिवाय तो दिसत नाही.

पहिल्या दोन बोर्डांवरचं प्लास्टर उकरून काढलं. टाइल बसवणाऱ्यांची लेझर लेव्हल तिपाईवर लावली, खोलीत अंधार केला. लाल रेघ खडकावरून आरपार गेली, ती पेन्सिलनं गिरवली. मग लेझर २२ मिमी खाली, पुन्हा १७, पुन्हा २५. अंतरं मुद्दाम असमान. नवे थर या रेघांवर. आता रूळ बोगद्याकडे जाताना खडकाचे तीन थर एकेक करून ओलांडत खाली उतरतो, आणि लांबूनसुद्धा चढ जाणवतो.

हाच नियम उभ्या गोष्टींना. टेलिग्राफचे खांब, पुलाचे दगडी खांब, झाडांची खोडं सगळी ओळंब्यात हवीत, रुळांना काटकोनात नाहीत. दोऱ्याला छर्रा बांधून छोटा ओळंबा केला आहे, तो कामाच्या टेबलावर कायम टांगलेला असतो.

रंग: निव्वळ काळा वापरू नये, तो सगळा प्रकाश गिळतो. एक भाग काळा ॲक्रिलिक आणि तीस भाग पाणी, सगळीकडे. वाळल्यावर कच्चा अंबर हा मातकट तपकिरी रंग एकास पंधरा, ठिकठिकाणी. मग कोरड्या ब्रशनं फिकट राखाडी फक्त थरांच्या वरच्या कडांवर. लाल मातीची पट्टी एकाच थराखाली, तीही तुटक.

२३ मार्च २०२५

गिट्टी. खऱ्या लाइनीवरचा ५० मिमीचा दगड प्रमाणात ०.६ मिमीचा होतो. क्रशरवरची बेसॉल्टची चुरी एक तगारी आणली. आधी चहाच्या गाळणीतून, मग मैद्याच्या चाळणीतून. गाळणीतून पडलेलं आणि चाळणीवर राहिलेलं तेवढं कामाचं. तगारीभर चुरीतून अडीच किलो निघालं, लागलं १.८ किलो. धुऊन उन्हात वाळवलं.

यानंतरची पायरी परदेशी पुस्तकात फारशी सापडणार नाही, पण दख्खनच्या बेसॉल्टला हवीच. या दगडात लोहाचं चुंबकीय खनिज असतं. स्पीकरचा जुना चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून चुरीतून फिरवला, पिशवीला काळी मखमल चढल्यासारखी बारीक पूड चिकटली. पिशवी उलटी करून झटकली, पुन्हा फिरवला. सहा फेऱ्या. ही पूड तशीच राहिली तर सुटे कण मोटारच्या चुंबकाकडे ओढले जातात, दात्यांत अडकतात आणि इंजिन महिन्याभरात घरघरू लागतं. उरलेले कण फेविकॉलनं बांधले जातात.

गोंद एक भाग, पाणी तीन भाग, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. आधी नुसत्या साबणपाण्याचा बारीक फवारा, मग ड्रॉपरनं गोंद. कोरड्या गिट्टीवर थेट गोंद टाकला की त्याचे गोळे होतात आणि गिट्टी वर तरंगते. वाळल्यावर रंग एक छटा गडद होतो, हे धरूनच नमुना ठरवावा.

१३ एप्रिल २०२५

गवत आणि झाडं. मच्छर मारायच्या रॅकेटच्या सर्किटवर गवत उभं करायचं यंत्र: एक तार चहाच्या गाळणीला, दुसरी गोंदात खोचलेल्या खिळ्याला. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो, दोन्ही टोकं स्क्रूड्रायव्हरनं जोडून तो उतरवल्याशिवाय हात लावू नये. २ मिमी हिरवं खाली, त्यावर ४ मिमी पिवळट, आणि रुळांच्या अगदी कडेला काहीच नाही.

साग ३४ नग. खोड जुन्या केबलच्या तांब्याच्या तारा पिळून, उंची खालच्या अंगाला ११५ मिमी, कड्यावर ६०. पानं बाजारातल्या फोमच्या भुशाची केली तर साग आंब्यासारखा गोल होतो. वाळका पाला मिक्सरमध्ये फिरवून चाळला, मोठे कण घेतले, हिरवा रंग दिला. सागाचं पान मोठं आणि विरळ, फांदी मधून दिसली पाहिजे. माथ्यावर क्रीम रंगाच्या पुडीची चिमूट, ते तुरे. पळस पाच, फुलांशिवाय. ऋतू सप्टेंबरचा आहे याची आठवण प्रत्येक बघणाऱ्याला करून द्यावी लागणार.

११ मे २०२५

खोलीत ४१. रूळ जागेवर, सांध्यातल्या फटी जवळपास मिटल्या आहेत पण टोकं भिडलेली नाहीत. इंजिनाची रेझिन बॉडी मात्र खिडकीजवळ ठेवली होती, मधोमध १.२ मिमी वाकली. गरम पाण्यात मऊ करून सपाट काचेवर दाबून थंड केली, आतून दोन बाजूंना १.५ मिमी पितळी सळ्या चिकटवल्या. दुसऱ्या इंजिनाच्या बॉडीत सळ्या आधीच घातल्या.

२२ जून २०२५

पाऊस लागला. पहिल्या-दुसऱ्या बोर्डाच्या सांध्यात रूळ ०.६ मिमी वर-खाली. प्लायच्या कापलेल्या कडा रंगवलेल्या नव्हत्या, त्यांनी ओल ओढली. कडांना सँडिंग सीलरचे तीन हात, आतून-बाहेरून. चार दिवसांत फरक ०.२ वर आला. हे नोव्हेंबरातच करायला हवं होतं.

गवताचं उरलेलं काम थांबवलं. दमट हवेत धागे एकमेकांना चिकटून गुठळ्या पडतात, उभे राहत नाहीत.

५ ऑक्टोबर २०२५

पाणी. पावसाळ्यात इपॉक्सी ओतलं नाही, दमट हवेत त्यावर चिकट दुधी साय येते.

धबधब्याचा पहिला प्रयत्न पारदर्शक सिलिकॉनचा. प्लास्टिकच्या पत्र्यावर धारा ओढल्या, टूथपिकनं विंचरल्या, सोलून लावल्या. आकार छान, पण सिलिकॉनवर पांढरा ॲक्रिलिक टिकत नाही. वाळताच बोटाला सालं येतात. दुसऱ्या खेपेला ॲक्रिलिक ग्लॉस जेल: पॉलिस्टरचे पांढरे धागे ३८० मिमीचे, जेलमध्ये बुडवून पत्र्यावर समांतर मांडले, वर जेलचा हात, एक दिवस वाळवलं. मग पांढऱ्याचा कोरडा ब्रश, फक्त जिथे पाणी खडकाच्या पायरीवर आपटतं तिथे. पडदा सलग केला नाही, तीन धारा सुट्या, मध्ये काळा खडक दिसतो. पाणी जिथून सुटतं ती कडा लेझरच्या रेघेवर आडवी आहे. तिच्या वरून जाणारा रूळ तिरका दिसतो, आणि घाटाचा सर्वांत बोलका कोन तोच.

खालच्या डोहाला आधी काळपट हिरव्या रंगाचे दोन जाड हात, कोपऱ्यांत तीन. सुईएवढं भोक राहिलं तरी रात्रीत सगळं रेझिन जमिनीवर. इपॉक्सी वजनकाट्यावर मोजून, डब्यावरच्या प्रमाणात, एका वेळी ३ मिमी थर, चोवीस तासांनी दुसरा. एकदम जाड ओतलं तर ते स्वतःच्या उष्णतेनं तापतं आणि खालचा फोम खचतो.

९ नोव्हेंबर २०२५

गाडी. कालाकुंडहून चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागायचं, ते इथेही. हिशेबानं गरज नाही: पाच डबे, प्रत्येकी ११५ ग्रॅम, चढाचं ओझं १४-१५ ग्रॅम, आणि एक इंजिन ५० ग्रॅम सहज ओढतं. पण पातालपाणीला बँकरशिवाय वर आलेली गाडी ओळखीची वाटणार नाही.

दोन्ही इंजिनांचा वेग जुळवला. एक मीटरला १४ सेकंद, म्हणजे ताशी सुमारे २२ किमी. इंजिनातल्या डीसीसी चिपचे वेगाचे आकडे, सीव्ही २, ५ आणि ६, बदलत वेगाच्या २०व्या पायरीवर फरक अर्ध्या सेकंदात आणला. वेग घेण्या-सोडण्याचे सीव्ही ३ आणि ४ दोघांत सारखे. तरी पहिल्या फेरीत तिसरा डबा वळणावर बाहेर पडला: मागचं इंजिन भार वाढताच स्वतःहून जोर लावतं आणि मधले डबे चिमटीत सापडतात. मागच्याचं लोड कंपेन्सेशन, म्हणजे हा आपोआपचा जोर, निम्म्यावर आणलं, त्याचा वेग दोन टक्के कमी ठेवला. आता पुढचं ओढतं, मागचं नुसतं टेकू देतं.

तंट्या मामाच्या, म्हणजे भिल्ल क्रांतिकारक तंट्या भिल्लाच्या, देवळापाशी गाडी क्षणभर थांबवायची तिथली रीत आहे. लेआऊटवर देऊळ चढाच्या माथ्याखाली २५० मिमीवर आलं आहे, जिथे उतार सौम्य व्हायला लागतो. पाच सेकंद थांबा. निघताना पुढच्या इंजिनाची चाकं दोनदा घसरली, कारण रुळांवर गवताच्या गोंदाचा पातळ थर होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्यावर सलग बारा फेऱ्यांत घसरली नाहीत.

राहिलेलं: तिसऱ्या डब्याचा कपलर १ मिमी खाली आहे, टेलिग्राफच्या तारा ओढायच्या आहेत, आणि स्टेशनच्या फलाटाची कड लेझरला पुन्हा लावून पाहायची आहे, दुसऱ्या टोकाला ती पाऊण मिमी खाली वाटते.